मुक्कामाचे चित्रपट : मीरा नायर यांची पहिली बारा वर्षे

एखादा दिग्दर्शक बहुसांस्कृतिक आहे असे एकदा म्हटले, की त्याच्या कामाबद्दल बोलण्याचा बराचसा त्रास वाचतो. दोन देशांत वाढला, तीन भाषा बोलतो, म्हणून त्याला दोन्हीकडचे दिसते, असा सोपा हिशेब मांडला जातो आणि मीरा नायर यांच्या बाबतीत तर तो इतक्या वेळा मांडला गेला आहे की त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखांची सुरुवात त्यानेच होते. मला हा हिशेब पटत नाही. दोन ठिकाणी राहिलेली माणसे लाखोंनी आहेत आणि त्यांतली बहुतेक जण दोन्हींपैकी एका ठिकाणाकडे पाठ फिरवूनच सुखाने जगतात. नायर यांच्या १९७९ ते १९९१ या काळातल्या कामाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण दोन्हीकडे पाहणारी ही नजर त्यांनी कशी कमावली, ते त्या कामात टप्प्याटप्प्याने पाहता येते.

त्यांचा जन्म १९५७ मधला, ओडिशातल्या राउरकेलाचा. आडनावावरून अनेकांना त्या केरळच्या वाटतात. प्रत्यक्षात घराणे पंजाबी आणि मूळ आडनाव नय्यर. वडील सनदी अधिकारी होते. बालपण भुवनेश्वरात गेले, पुढे सिमल्याच्या मिशनरी शाळेत शिक्षण झाले, मग दिल्लीच्या मिरांडा हाऊसमध्ये समाजशास्त्र. म्हणजे परदेशी जाण्याच्या आधीच, भारताच्या आत, त्या जिथे राहत होत्या तिथल्या मूळच्या नव्हत्या. बदलीच्या नोकरीत वाढलेल्या मुलांना ही अवस्था नवीन नसते. ती कोणाला एकाकी करते, कोणाला चतुर करते. नायर यांना तिने प्रेक्षक केले असावे, असे मला वाटते.

पहिली ओढ मात्र नाटकाची होती. कोलकात्यात बंगाली नाटककार बादल सरकार यांच्या प्रभावाखालच्या राजकीय पथनाट्यांत त्यांनी काम केले. सरकारांची नाटके आपल्या प्रायोगिक रंगभूमीने इतकी आपली मानली, की त्यांच्याविषयी मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. पण रंगमंच, पडदा, नेपथ्य आणि तिकीट यांच्यावाचून, माणसांच्या अगदी जवळ जाऊन नाटक करता येते हा त्यांचा आग्रह पुढे सिनेमात कुठे कुठे उगवला हे पाहण्यासारखे आहे. १९७६ मध्ये पूर्ण शिष्यवृत्ती घेऊन नायर हार्वर्डला गेल्या तेव्हाही डोक्यात अभिनयच होता. तिथल्या नाट्यविभागात मन रमले नाही, आणि त्या छायाचित्रण करत करत माहितीपटाकडे वळल्या. अमेरिकेच्या त्या भागात तेव्हा अशा माहितीपटांचा जोर होता ज्यांत निवेदक नसतो, मुलाखतीची मांडणी नसते, हलका कॅमेरा खांद्यावर घेऊन समोर जे घडेल ते टिपायचे असते. या पद्धतीत दिग्दर्शकाचे मुख्य भांडवल म्हणजे वेळ. ज्याच्या घरात कॅमेरा शिरणार, त्याला कॅमेऱ्याचा विसर पडेपर्यंत तिथे ठाण मांडून बसावे लागते.

‘जामा मशीद स्ट्रीट जर्नल’ हा १९७९ चा लघुपट पदवीच्या प्रबंधासाठी केलेला आहे आणि तो पदवीच्या प्रबंधासारखाच आहे. जुन्या दिल्लीच्या गल्ल्यांतून कॅमेरा घेऊन एक तरुण स्त्री फिरते, लोक तिच्याकडे पाहतात आणि ती लोकांकडे पाहते, इतकाच त्याचा ऐवज. नंतरच्या कामाच्या ओढीने त्यात फार काही शोधू नये. एक गोष्ट मात्र लक्षात राहते. स्वतःच्याच देशातल्या गल्लीत आपण परक्या ठरतो आहोत याची जाणीव त्या लपवत नाहीत.

तीन वर्षांनी, १९८२ मध्ये, ‘सो फार फ्रॉम इंडिया’ आला आणि तिथे एक खरा विषय सापडला. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत वर्तमानपत्रे विकणारा एक गुजराती तरुण आहे. लग्नानंतर लवकरच तो अमेरिकेला गेला, मागे अहमदाबादला बायको राहिली, मूल तो अमेरिकेत असताना जन्मले. नायर यांनी दोन्ही टोकांना कॅमेरा नेला. तो घरी येतो तेव्हा जी अवघडलेली शांतता पसरते ती कोणत्याही संवादलेखकाला लिहिता आली नसती. स्थलांतरितांच्या कहाण्या साधारणपणे जाणाऱ्याच्या बाजूने सांगितल्या जातात. इथे राहिलेलीचे काय होते, हेही तितक्याच काळजीने पाहिले आहे. पुढे नायर यांच्या पात्रांत जी दोन गावांत विभागलेली माणसे वारंवार येतात, त्यांतले पहिले कुटुंब मला हे वाटते.

पण या सगळ्या काळातले त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणून मी ‘इंडिया कॅबरे’चे नाव घेईन, आणि ‘सलाम बॉम्बे!’च्या चाहत्यांना ते खटकेल याची मला कल्पना आहे. १९८५ चा हा तासाभराचा माहितीपट मुंबईच्या उपनगरातल्या एका नाइट क्लबमध्ये कपडे उतरवत नाचणाऱ्या स्त्रियांवर आहे. विषय ऐकताच दोन धोके दिसतात. एक म्हणजे चवीने पाहणे, दुसरा म्हणजे कीव करणे. नायर दोन्हींतून सुटतात आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. त्या या स्त्रियांबरोबर राहिल्या. त्यामुळे कॅमेरा जेव्हा त्यांच्या खोलीत असतो तेव्हा त्या त्याच्यासाठी बोलत नाहीत. त्या एकमेकींची थट्टा करतात, गिऱ्हाइकांच्या नकला करतात, आपल्या धंद्याकडे आणि सभ्य बायकांच्या संसाराकडे सारख्याच तिरकस नजरेने पाहतात. मग चित्रपट एक पाऊल पुढे टाकतो. क्लबमध्ये नेमाने येणाऱ्या एका पुरुषाच्या मागोमाग तो त्याच्या घरी जातो आणि तिथे त्याची बायको भेटते. घराबाहेर न पडणारी ती बाई आणि रोज रात्री परक्या पुरुषांसमोर उभी राहणारी ती नर्तकी यांच्यातली भिंत पुरुषाने स्वतःच्या सोयीसाठी बांधली आहे, हे चित्रपट एका शब्दानेही न सांगता दाखवतो. बाहेरचा माणूस या क्लबमध्ये एक रात्र काढून सनसनाटी चित्रफीत घेऊन गेला असता. आतल्या, म्हणजे मुंबईच्या सभ्य वस्तीतल्या माणसाने तिथे पाऊलच टाकले नसते. नायर यांना जे साधले ते या दोघांच्या मधल्या जागेवर उभे राहिल्यामुळे, आणि तिथे उभे राहणे टिकवण्याइतका धीर असल्यामुळे.

१९८७ चा ‘चिल्ड्रन ऑफ अ डिझायर्ड सेक्स’ गर्भजलपरीक्षा करून मुलींचे गर्भ पाडण्याच्या प्रथेवर होता. ज्या काळात महाराष्ट्रात याविरुद्ध स्त्रीसंघटनांचे आंदोलन चालू होते आणि १९८८ मध्ये देशातला पहिला नियंत्रक कायदा आपल्याच राज्याने केला, त्याच काळातले हे काम. विषयाचे वजन मोठे असूनही दिग्दर्शक म्हणून त्यात त्यांनी नवे काही शोधले असे मला म्हणवत नाही. तोपर्यंत त्यांचे मन माहितीपटातून उठत चालले होते. घटना घडण्याची वाट पाहत बसायचे, प्रकाश आणि हावभाव आपल्या हातात नाहीत, आणि एवढे करून पाहणारे लोक मोजके, या तक्रारी त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितल्या आहेत.

हार्वर्डमध्ये ओळख झालेल्या सूनी तारापोरवाला या मुंबईच्या पारशी कुटुंबातल्या; छायाचित्रकार म्हणून त्यांचा या शहराशी घनिष्ठ परिचय. दोघींनी मिळून मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलांत हिंडून साहित्य जमवले आणि तारापोरवालांनी नायर यांच्या पहिल्या कथापटाची, ‘सलाम बॉम्बे!’ची, पटकथा लिहिली. सर्कशीने मागे टाकलेला कृष्णा मुंबईला येतो, ग्रँट रोडच्या परिसरातल्या वेश्यावस्तीत चहा पोहोचवता पोहोचवता ‘चायपाव’ होतो आणि घरी परतण्यासाठी ५०० रुपये जमवू पाहतो. कथानक म्हणून हे फार नवीन नाही. मुंबईने पोरे गिळल्याच्या गोष्टी हिंदी सिनेमात आधीपासून होत्या. नवेपणा निर्मितीच्या रीतीत होता.

पैसा कुठून आला ते पाहा. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, दूरदर्शन, ब्रिटनची चॅनेल फोर ही वाहिनी आणि फ्रान्समधली एक निर्मितीसंस्था. हिंदी व्यावसायिक सिनेमात अशा विषयाला वितरक मिळाला नसता आणि अमेरिकी स्टुडिओंना हिंदीत बोलणारा चित्रपट नको होता. तेव्हा तीन देशांतून थोडे थोडे गोळा करणे हा एकच मार्ग. छायालेखक सँडी सिसेल अमेरिकन, संकलक बॅरी अलेक्झांडर ब्राऊनही अमेरिकन, संगीत एल. सुब्रमण्यम यांच्या व्हायोलिनचे, आणि समोर नाना पाटेकर, रघुवीर यादव, अनिता कंवर हे रंगभूमीवर कसलेले नट. संमिश्र संस्कृतीचा सिनेमा असे आपण म्हणतो तेव्हा पडद्यावरची माणसे डोळ्यांसमोर येतात. खरी सरमिसळ पडद्यामागच्या पगारपत्रकात असते. अशा चित्रपटाला प्रत्येक पैसेवाल्याला वेगळ्या कारणासाठी पटवून द्यावे लागते, आणि तरीही चित्रपट एकच राहिला पाहिजे हे दिग्दर्शकाला एकटीला सांभाळावे लागते.

मुलांची निवड हा या निर्मितीचा गाभा होता. मूळचे इंग्रज, पण दिल्लीत स्थायिक झालेले रंगकर्मी बॅरी जॉन आणि त्यांच्यासोबत दिनाझ स्टॅफर्ड यांनी रस्त्यावरच्या मुलांची कार्यशाळा घेतली. सरावाची गंमत अशी, की ही मुले आरंभी हिंदी चित्रपटातल्यासारखा अभिनय करत. डोळे वटारणे, छातीवर हात मारणे, संवाद फेकणे, हे त्यांना आपल्या जगण्यापेक्षा जास्त चांगले येत होते. आठवडेच्या आठवडे त्यांच्याकडून ते काढून टाकण्यात गेले. ज्यांचे आयुष्य वास्तववादी सिनेमाचा विषय व्हायचे, त्यांनाच वास्तववाद शिकवावा लागावा, यावर कोणी तरी स्वतंत्र लिहायला हवे. माहितीपटाच्या वर्षांत अंगी बाणलेले थांबणे इथे कामी आले. फरक एवढाच, की आता घटना घडण्याची वाट न पाहता मुलांना विश्वास वाटण्याची वाट पाहायची होती.

चित्रीकरण १९८७ मध्ये मुंबईत झाले, बरेचसे प्रत्यक्ष वस्तीतच. इरफान खान यांची हकीकत आता प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून निवडलेला हा तरुण कार्यशाळेत मुलांबरोबर राहिला, मोठी भूमिका मिळणार म्हणून हुरळला, आणि मुलांच्या शेजारी तो फार उंच व धडधाकट दिसतो म्हणून त्याच्या वाट्याला शेवटी रस्त्याकडेला बसून लोकांना पत्रे लिहून देणाऱ्याचे एक छोटे दृश्य उरले. कृष्णा त्याच्याकडून आईला पत्र लिहून घेतो, पण पोराला पूर्ण पत्ताच सांगता येत नाही. सगळ्या चित्रपटात मला हे दृश्य सर्वांत नेमके वाटते, कारण त्यात कुणी दुष्ट नाही. पत्र लिहिणारा थकलेला आहे, मुलगा अजाण आहे, आणि शहर व गाव यांच्यातले अंतर एका अर्धवट पत्त्यात मावते. न्यूयॉर्कमधल्या त्या पेपरविक्याच्या घरची शांतता मला इथे पुन्हा ऐकू येते.

शेवटी गणपती विसर्जनाच्या खऱ्या गर्दीत पात्रे सोडून दिलेली आहेत. मराठी प्रेक्षकाला ही गर्दी इतकी परिचयाची, की एखाद्या बाहेरच्या दिग्दर्शकाने तिचा वापर रंगीत पार्श्वभूमीसारखा केला तर ते लगेच जाणवते. इथे तसे होत नाही. गुलाल आणि ताशे प्रेक्षकाच्या डोळ्यांचे पारणे फेडण्यासाठी नसून धरलेला हात सुटण्यासाठी आहेत. गर्दी कथेत एक काम करते. याउलट पार्श्वसंगीत मला काही ठिकाणी खटकते. मुलाच्या चेहऱ्याने जे सांगून झाले आहे, ते व्हायोलिन पुन्हा सांगते.

१९८८ च्या कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा दॉर’ आणि प्रेक्षकांचा पुरस्कार, दोन्ही या चित्रपटाला मिळाले. पुढे ऑस्करचे नामांकनही झाले. ‘मदर इंडिया’नंतर परभाषी चित्रपटांच्या अंतिम पाचांत पोहोचलेला हा दुसरा भारतीय चित्रपट. आणि ठरल्याप्रमाणे प्रश्न आला, की हे दारिद्र्य परदेशात विकणे नव्हे काय? हा प्रश्न मी टाळण्याजोगा मानत नाही. चित्रपटाच्या मिळकतीतून आणि पाठबळातून ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला, नायर यांच्या मातोश्री प्रवीण नायर यांनी तो वाढवला आणि हजारो मुलांना त्याचा आधार झाला, हे खरे. मुख्य भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला मुलगा पुढे सिनेमात टिकू शकला नाही आणि बंगळुरूत रिक्षा चालवून संसार करू लागला, हेही खरे. या दोन गोष्टींची वजाबाकी करून कोणी अंतिम उत्तर काढू नये. माझ्यापुरते म्हणायचे तर, दारिद्र्य विकण्याचा आरोप तेव्हा खरा ठरतो जेव्हा चित्रपटातली गरीब माणसे फक्त गरीब असतात. चायपाव हिशेबी आहे, लोचट आहे, प्रेमात पडतो, मत्सर करतो; त्याच्याबद्दल आपल्याला कीव वाटण्याआधी त्याचा राग येऊन गेलेला असतो.

कानच्या यशानंतर नायर यांनी मुंबईची दुसरी गोष्ट सांगितली नाही, यातच मला त्यांचे धाडस दिसते. १९७२ च्या ऑगस्टमध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली, भारत कधी न पाहिलेली माणसे बॅगा उचलून निघाली. दुसरीकडे अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात गुजराती कुटुंबे महामार्गांवरची मोटेल चालवत होती. ही दोन टोके जोडून तारापोरवालांनी ‘मिसिसिपी मसाला’ची पटकथा लिहिली. कंपालातून हाकलले गेलेले जय आणि किन्नू, त्यांची मुलगी मीना, आणि ती ज्याच्या प्रेमात पडते तो डेमेट्रियस, गालिचे स्वच्छ करण्याचा धंदा करणारा कृष्णवर्णीय तरुण. हार्वर्डमध्ये गोरे आणि काळे या दोघांच्या मध्ये आपला रंग कुठे बसतो हे नायर यांनी अनुभवले होते. दोन्ही बाजूंना थोडी ये-जा करण्याची मुभा असलेली ती जागा त्यांनी आता कथेच्या मध्यभागी ठेवली.

पैसे उभे करताना एका स्टुडिओने मुख्य भूमिकेत कुणी गोरा बसवता येईल का असे विचारले, तेव्हा नायर यांनी वेटर सगळे गोरे ठेवीन असे आश्वासन दिले, हा किस्सा त्या स्वतःच सांगतात. विनोद चांगला आहे, पण त्यामागची अडचण विनोदाची नव्हती. डेंझेल वॉशिंग्टनसारखा, ‘ग्लोरी’साठी ऑस्कर मिळवलेला नट असूनही पैसे जमवणे सोपे झाले नाही, कारण चित्रपटात गोऱ्या प्रेक्षकाला उभे राहायला जागाच नव्हती. सरिता चौधरी अगदी नवीन. रोशन सेठ आणि शर्मिला टागोर आईवडिलांच्या भूमिकेत.

या चित्रपटातले प्रेमप्रकरण मला ठीकठाक वाटते. खरा विषय जय आहे. मिसिसिपीतल्या मोटेलात बसून तो युगांडा सरकारला आपली मालमत्ता परत मिळावी म्हणून पत्रे लिहीत राहतो. आफ्रिका आता काळ्या आफ्रिकनांची, असे त्याला त्याचा बालमित्र ओकेलो सांगतो, आणि तो घाव तो वर्षानुवर्षे जपतो. पण मुलगी काळ्या मुलाबरोबर दिसताच त्याच्या समाजात जे वादळ उठते, त्यात तोही मागे राहत नाही. अन्याय सोसलेला समाज दुसऱ्यावर अन्याय करताना किती सहज वागतो हे भारतीय दिग्दर्शकाने भारतीयांबद्दल, अमेरिकेच्या भूमीवर आणि कृष्णवर्णीय प्रेक्षकांसमोर सांगणे, हे १९९१ मध्ये सोपे नव्हते. आपल्याकडच्या वर्णवेडाची इतकी उघड थट्टा तोवर फारशी कुणी केली नव्हती. युगांडाच्या संशोधनातच नायर यांची महमूद ममदानी यांच्याशी भेट झाली. ते स्वतः १९७२ मध्ये देशाबाहेर काढले गेलेले आणि पुढे कंपालाला परतलेले अभ्यासक. दोघांनी लग्न केले आणि नायर यांनी कंपालात घर केले. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्या वर्षी पटकथेचा पुरस्कार तारापोरवालांना मिळाला.

यानंतर १९९५ मध्ये मोठ्या नटसंचाचा ‘द पेरेझ फॅमिली’ आला. क्यूबातून फ्लोरिडाला आलेल्या निर्वासितांची ती गोष्ट, म्हणजे वरवर पाहता पुन्हा तोच विषय. तरी तो जमला नाही. लॅटिन भूमिकांत बिगरलॅटिन नट घेतल्याची टीका झाली, पण त्याहून मला जाणवते ते असे, की या लोकांच्या घरात दिग्दर्शक जेवढी थांबायला हवी तेवढी थांबलेली दिसत नाही. निर्वासितांचे दुःख एका देशातून उचलून दुसऱ्या देशात जसेच्या तसे लावता येत नाही, मग उचलणारी कितीही अनुभवी असो. सहा वर्षांनी ‘मॉन्सून वेडिंग’साठी त्या दिल्लीतल्या पंजाबी घरात शिरल्या. हातातला १६ मिलिमीटरचा कॅमेरा, ३० दिवसांचे चित्रीकरण, आणि ज्यांची भांडणे, गाणी व गुपिते त्यांना लहानपणापासून पाठ होती अशी माणसे. व्हेनिसचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह, त्या चित्रपटाला मिळाला. सत्यजित राय यांच्यानंतर तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय दिग्दर्शक.